हात मोकळे, लक्ष गहाण

२०१७ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वायव्य भागात एक अपघात झाला. त्या जागेवरून गाडी नेणाऱ्या एका चालकाने चालत्या गाडीतच मोबाइल उचलला आणि दहा-पंधरा सेकंद अपघाताचं चित्रीकरण केलं. खालच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, अपिलात तो सुटला आणि २०१९ मध्ये हायकोर्टाने ती सुटका कायम ठेवली. कारण साधं होतं. तिथला २००३ पासूनचा नियम हातातल्या फोनवरून कुणाशी तरी संपर्क साधण्याला बंदी करत होता. बोलणं, मेसेज पाठवणं, इंटरनेट वापरणं त्यात येत होतं, नुसता कॅमेरा येत नव्हता. असं चित्रीकरण करायची मोकळीक मिळाली असं कुणी समजू नये, निष्काळजी किंवा धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम लागू शकतं, हेही कोर्टाने सांगून ठेवलं. पण खटला ज्या नियमाखाली भरला होता त्यात हा माणूस बसत नव्हता. ती पळवाट बुजवायला मार्च २०२२ उजाडला.

कॅलिफोर्नियातही असंच झालं होतं. वाहतूक कोंडीत अडकलेल्या एका चालकाने दुसरा रस्ता सापडतो का हे बघायला फोनवरचा नकाशा उघडला. दंड झाला. तो वरच्या कोर्टात लढत गेला आणि २०१४ मध्ये जिंकला, कारण तिथला कायदा फोनवर बोलण्या-ऐकण्यापुरता लिहिलेला होता, नकाशा बघण्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. तिथेही कायदा बदलावा लागला. नवा नियम २०१७ पासून आला.

कोर्टांना दोष देण्यात अर्थ नाही. फोनचा उपयोग दर दोन-तीन वर्षांनी बदलत गेला आणि कायदा प्रत्येक वेळी मागच्या फोनसाठी लिहिलेला राहिला. यावर बऱ्याच देशांनी एकच तोडगा काढला: फोन कशासाठी घेतला हे विचारत बसायचं नाही, हातात दिसला की दंड. ब्रिटनमध्ये आता चालत्या गाडीत फोन उचलून वेळ बघणं किंवा आलेला कॉल कट करणंसुद्धा गुन्ह्यात मोडतं. स्पेनने २०२२ मध्ये फोन हातात धरल्याबद्दल परवान्यावरचे सहा पॉइंट (सगळे संपले की परवाना जातो) कापायला सुरुवात केली. जपानने १ डिसेंबर २०१९ पासून साध्या मोटारीसाठीचा दंड ६ हजार येनवरून १८ हजारांवर नेला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा २०१७ चा कायदा लाल सिग्नलला थांबलेल्या गाडीतही फोन हातात घेऊ देत नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१८ मध्ये रस्त्यावर धोक्याचे दिवे लावून उभ्या असलेल्या गाडीतल्या चालकालाही सोडलं नाही.

हे सगळं व्हायलाच हवं होतं. चालकाच्या हातात फोन होता की नव्हता, याचं उत्तर पोलिसाला दुरून दिसतं आणि कोर्टात टिकतं. माझं म्हणणं पुढचं आहे. हात दिसतो म्हणून कायदा हात मोजत बसला, आणि ज्या गोष्टीमुळे माणसं मरतात ती, म्हणजे लक्ष, त्याने चालकाच्या खासगी जबाबदारीवर सोडून दिली. ते लक्ष मागणारे, विकत घेणारे आणि खेचून नेणारे मात्र कायद्याच्या चौकटीबाहेर आरामात बसले आहेत.

आधी हँड्सफ्रीचं, म्हणजे फोन हातात न धरता बोलण्याचं, बघू. १९९७ मध्ये टोरांटोत रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनबिलांच्या नोंदी अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिल्या. फोनवर असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली, आणि हँड्सफ्री फोन वापरणाऱ्यांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये अपघातानंतर इस्पितळात आलेल्या चालकांवर याच पद्धतीने अभ्यास झाला. तिथेही चौपट, आणि तिथेही हँड्सफ्री असो वा नसो. दोन देश, दोन काळ, दोन प्रकारचे फोन, आणि आकडा तोच.

युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून अस्वस्थ करणारा आहे. चाळीस माणसांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला दिली: एकदा नुसती, एकदा फोनवर बोलत आणि एकदा रक्तातलं मद्याचं प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत, चढवून. प्यायलेले चालक पुढच्या गाडीच्या फार जवळ जात होते आणि जोरात ब्रेक मारत होते. फोनवर बोलणाऱ्यांचा ब्रेक उशिरा लागत होता. पुढच्या गाडीवर जाऊन आदळले ते तिघं, आणि तिघंही शुद्धीत, फोनवर बोलताना. फोन हातात होता की हँड्सफ्री, याने फरक पडला नाही. यावरून फोनपेक्षा दारू बरी असा निष्कर्ष काढण्याइतकं कुणी खुळं नसावं. पण एका गोष्टीबद्दल समाज चालकाला तुरुंगात टाकायला तयार होतो आणि दुसरीसाठी गाडीच्या कंपन्या स्टीअरिंगवर बटण देतात, ही तफावत डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने लोकांच्या रोजच्या गाड्यांत कॅमेरे बसवून जे पाहिलं त्यात सर्वांत मोठा धोका नजर रस्त्यावरून हटण्याचा निघाला. २००९ च्या त्यांच्या निष्कर्षांत, अवजड वाहन चालवताना मेसेज टाइप करणाऱ्याला अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका २३ पट होता. सहा सेकंदांच्या अवधीतले ४.६ सेकंद त्याची नजर फोनवर होती. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे शंभर मीटर रस्ता त्याने न बघता कापला. हँड्सफ्री बोलण्याचा असा ठळक धोका त्या कॅमेऱ्यांना दिसला नाही. तेव्हा टायपिंग आणि बोलणं एका पारड्यात घालणं चूक आहे. पण ‘टायपिंगपेक्षा कमी वाईट’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे, आणि कायद्याने लोकांच्या मनात नेमका हाच गोंधळ करून ठेवला आहे. ज्याला बंदी नाही ते सुरक्षित, असं माणूस समजतो. ब्लूटूथवर तासभर मीटिंग करत गाडी हाकणाऱ्याला आपण नियमाने वागतोय असं वाटत असतं. आणि कागदावर तो खरंच नियमाने वागत असतो.

बोलण्यात धोका आहे तर शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायलाही बंदी करणार का, असं हमखास विचारलं जातं. चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर युटाच्याच गटाने २००८ मध्ये शोधलं. सोबत्याशी गप्पा मारणाऱ्या आणि फोनवर गप्पा मारणाऱ्या चालकांना महामार्गावरून एका ठरलेल्या ठिकाणी बाहेर पडायला सांगितलं होतं. फोनवाले तो फाटा कितीतरी जास्त वेळा चुकले. गाडीत बसलेल्या माणसाला रस्ता दिसत असतो. बाजूने ट्रक घुसला की तो वाक्य अर्धवट सोडतो, कधी ‘अरे, बघ!’ म्हणून ओरडतो, आणि गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की ‘हां, तर काय सांगत होतो’ म्हणून पुन्हा सुरू करतो. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. चालक दोन सेकंद गप्प झाला की तिकडून ‘हॅलो? हॅलो, येतंय का ऐकू?’ सुरू होतं, आणि बिचारा चालक, ज्या दोन सेकंदांत त्याने फक्त समोर बघायला हवं होतं, त्याच दोन सेकंदांत ‘हो हो, बोला’ म्हणतो.

हाच मुद्दा रेडिओलाही लागू पडतो. १९३० च्या दशकात मोटारींत रेडिओ येऊ लागले तेव्हा अमेरिकेत काही ठिकाणी त्यांच्यावर बंदी घालण्याची भाषा झाली होती, आणि आज तंत्रज्ञानाच्या बाजूने बोलणारे तो दाखला मोठ्या हौसेने देतात: बघा, लोक तेव्हाही असेच घाबरले होते. पण रेडिओ उत्तर मागत नाही. तो चालू असताना आपण दोन मिनिटं ऐकलंच नाही तर त्याला राग येत नाही.

आणि बोलणं संपलं म्हणून लक्ष लगेच परत येतं असंही नाही. स्ट्रेयर यांच्या गटाने २०१५ मध्ये गाड्यांमधल्या आवाजावर चालणाऱ्या यंत्रणा तपासल्या. त्यांतल्या सर्वांत किचकट यंत्रणांशी बोलून झाल्यावर चालकाचं मन पूर्ण ठिकाणावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. ताशी ४० किलोमीटर या अगदी सभ्य वेगातही तेवढ्या वेळात गाडी ३०० मीटर जाते. ‘सिग्नल लाल होता तेवढ्यात फक्त एक मेसेज बघितला’ म्हणणाऱ्याने हे गणित करून बघावं. सिग्नल हिरवा झाल्यावरचे पहिले काही सेकंद म्हणजे रेंगाळलेला पादचारी रस्ता ओलांडत असण्याची वेळ.

मग हँड्सफ्रीवरही सरसकट बंदी घालावी का? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये तशी शिफारस केली होती. त्याच्या आदल्या वर्षी मिसूरीत एका १९ वर्षांच्या पिकअप चालकाने अकरा मिनिटांत अकरा मेसेजची देवाणघेवाण केली, तो पुढच्या ट्रकवर आदळला, मागून दोन स्कूलबस येऊन धडकल्या. दोघांचा जीव गेला, ३८ जण जखमी झाले. मंडळाने म्हटलं की चालवताना कुठलंही संपर्कसाधन नको, हँड्सफ्रीसुद्धा नको. एकाही राज्याने सर्व चालकांसाठी ती शिफारस स्वीकारली नाही.

न स्वीकारण्यामागचं कारण हलकं नाही. काचेआड ओठ हलवणारा माणूस फोनवर बोलतोय, गाणं म्हणतोय की मागच्या सीटवरच्या पोराला दटावतोय, हे चौकातल्या पोलिसाला कसं कळणार? जो कायदा राबवता येत नाही तो बाकीच्या कायद्यांचीही पत घालवतो. शिवाय नुसत्या बंदीचे उलटे परिणामही दिसले आहेत. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या एका संस्थेने २०१० मध्ये मेसेजबंदी केलेल्या चार राज्यांतले दावे तपासले. अपघात कमी झालेले दिसले नाहीत, उलट काही ठिकाणी दावे थोडे वाढलेच. त्यांचा तर्क असा की आधी लोक फोन स्टीअरिंगसमोर धरायचे, दंडाच्या भीतीने तो मांडीवर आला. हे कुठल्याही सिग्नलला उभं राहून बघता येतं: मान खाली, हनुवटी छातीला, अंगठा फिरतोय, आणि चेहऱ्यावर खालून आलेला निळसर उजेड. आधी निदान नजरेच्या कोपऱ्यात रस्ता असायचा.

तरीही माझं मत असं की राबवता येत नाही म्हणून सोडून द्यायची गरज नाही. कायद्याला पकडण्याखेरीज दुसरंही काम असतं, ते म्हणजे काय चूक आहे हे जाहीर करणं. आणि अपघात झाल्यावर तर पुरावा फोनच्या नोंदीत असतोच. टोरांटो आणि पर्थचे अभ्यास त्याच नोंदींवर उभे आहेत. चौकात चलान फाडता आलं नाही तरी, माणूस जखमी झाल्यावर चालक हँड्सफ्री कॉलवर होता ही गोष्ट त्याची जबाबदारी वाढवणारी ठरावी, बचावाची नव्हे. अमेरिकेत अनेक राज्यांनी नवशिक्या चालकांना आणि स्कूलबसच्या चालकांना फोन पूर्ण बंद केलाय, हँड्सफ्रीही. म्हणजे धोका आहे हे कायद्याला ठाऊक आहे. बसमध्ये मुलं असली की तो कबूल करतो, रस्त्यावर मुलं असली की विसरतो.

भारतातही चित्र याच धर्तीचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातला गेला, आणि २०२० च्या नियमांनी त्यात एक सवलत दिली: रस्ता शोधण्यापुरता, आणि तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. लक्ष विचलित झालं की नाही हे ठरवायचं कुणी आणि कधी, तर बहुधा अपघात झाल्यावर.

लक्ष मोजायचं कसं, हा प्रश्न माणसाने रस्त्याबाहेर मात्र सोडवून दाखवला आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट इथे धुक्यात उतरताना एक प्रवासी विमान कोसळलं आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. ध्वनिमुद्रणात वैमानिक विमान खाली आणत असताना राजकारण आणि जुन्या गाड्या अशा विषयांवर गप्पा मारताना ऐकू आले. त्या आणि तशा इतर घटनांनंतर १९८१ मध्ये नियम झाला: दहा हजार फुटांखाली, म्हणजे उड्डाण आणि उतरण्याच्या नाजूक टप्प्यात, कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त काहीही नको. या नियमात हाताचा प्रश्नच नाही, बंदी सरळ बोलण्यावर आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नियमाचं पहिलं बोट विमान कंपनीकडे आहे. कंपनीने या टप्प्यात वैमानिकाला अनावश्यक काम सांगायचं नाही, असं तो आधी म्हणतो, आणि उदाहरणं देतो ती विमानातल्या खाण्यापिण्याच्या सामानाची ऑर्डर देण्याची आणि प्रवाशांच्या पुढच्या विमानांची खात्री करण्याची. वैमानिकाने काय करू नये हे त्यानंतर येतं.

रेल्वेनेही धडा घेतला, मोठी किंमत मोजून. १२ सप्टेंबर २००८ ला लॉस एंजेलिसमधल्या चॅट्सवर्थ इथे लोकल गाडीच्या चालकाने लाल सिग्नल ओलांडला आणि मालगाडीला समोरासमोर धडक दिली. २५ ठार. शेवटचा मेसेज त्याने धडकेच्या २२ सेकंद आधी पाठवला होता. महिना उलटायच्या आत कर्तव्यावरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या फोन वापराबद्दल केंद्रीय पातळीवरून तातडीचा आदेश निघाला. जर्मनीत २०१६ मध्ये बाड आयब्लिंगजवळ दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या, १२ माणसं गेली. तिथे फोनवर गेम खेळत होता तो चालकही नव्हता, सिग्नल सांभाळणारा कर्मचारी होता.

विमानात आणि रेल्वेत हे जमलं, कारण मरणारे एकदम मरतात आणि बातमी मोठी होते. रस्त्यावर ते सुटे सुटे मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात रस्त्यांवर वर्षाला ११ लाख ९० हजार माणसं जातात. त्यांतली किती विचलित चालकांमुळे गेली याचा खात्रीचा आकडा मिळणं कठीण असतं. अमेरिकेत २०२२ साली अशा अपघातांत ३,३०८ मृत्यू नोंदले गेले, पण ही नोंद पोलिसाच्या अहवालावर अवलंबून असते आणि अहवाल बऱ्याचदा चालकाच्या कबुलीवर. ‘मी फोन बघत होतो’ असं कोण स्वतःहून सांगतो? दारू श्वासात सापडते, वेग टायरच्या खुणांत सापडतो. हरवलेलं लक्ष पंचनाम्यात येत नाही.

आता गाडी बनवणाऱ्यांकडे येऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे. गेल्या दशकात गाड्यांमधली बटणं एकेक करत नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी मोठाले टचस्क्रीन आले. बटण बोटाला सापडतं, स्क्रीनला डोळे लागतात. एसी कमी करायचा तर आधी मेनू, मग उपमेनू, मग एक सरकती पट्टी, जी खड्ड्यात चाक गेलं की भलतीकडे सरकते. स्वीडनच्या ‘वी बिलॅगारे’ या मोटारविषयक मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगात चार साधी कामं करायला किती वेळ लागतो हे वेगवेगळ्या गाड्यांत मोजलं. बटणांच्या २००५ च्या व्होल्वोत दहा सेकंद लागले, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत वाईट ठरलेल्या टचस्क्रीनच्या नव्या गाडीत ४४.६ सेकंद लागले, आणि अंतर १,३७२ मीटर. सतरा वर्षांची प्रगती ती ही.

याचा कायदेशीर शेवट जर्मनीत बघायला मिळाला. पावसात चालकाने वायपरचा वेग बदलायला गाडीच्या स्क्रीनला हात लावला, गाडी रस्ता सोडून गेली. त्या गाडीत वायपरच्या वेगाची सोय स्क्रीनवरच होती. कार्लस्रुहच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं की असा स्क्रीन हेही विद्युत उपकरणच, तेव्हा नियम लागू. चालकाला २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. निकाल कायद्याला धरून आहे, पण पावसात वायपर वापरणाऱ्या चालकाला शिक्षा झाली आणि वायपर स्क्रीनमध्ये नेऊन ठेवणारा कारखाना या खटल्यात कुठेच नव्हता.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती: एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये, आणि पूर्ण काम बारा सेकंदांच्या एकूण नजरेत आटपावं. शहाणपणाची आहेत, पण ऐच्छिक आहेत. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांसाठी खरी बटणं असण्याला गुणांत महत्त्व दिलं आहे. तोही कायदा नव्हे. युरोपीय संघाने कायद्याने सक्ती केली ती वेगळ्याच गोष्टीची: चालकाची नजर भरकटली की इशारा देणारी यंत्रणा, नव्या प्रकारच्या गाड्यांत २०२४ च्या जुलैपासून आणि सर्व नव्या गाड्यांत २०२६ च्या जुलैपासून. म्हणजे एकाच डॅशबोर्डवर नजर खेचून घेणारा स्क्रीन असेल आणि नजर गेली म्हणून ओरडणारा कॅमेराही असेल. दुसरा सक्तीचा केला, पहिल्याला मर्यादा घातली नाही.

फोन कंपन्यांचंही तेच. गाडी चालवताना फोन आपोआप मर्यादित करण्याच्या तंत्राचं पेटंट ॲपलने २००८ मध्येच मागितलं होतं, ते २०१४ मध्ये मिळालं, आणि चालवताना सूचना बंद ठेवायची सोय आयफोनवर आली ती २०१७ मध्ये, तीही वापरणाऱ्याच्या मर्जीवर. चालक कोण आणि प्रवासी कोण हे फोनला कसं कळणार, ही अडचण खरी आहे. पण मग प्रवाशाने ‘मी चालवत नाही’ असं एकदा सांगावं. आज उलटं आहे: धोका आपोआप चालू असतो, खबरदारी सेटिंगमध्ये जाऊन शोधावी लागते. ही निवड कंपनीची आहे आणि कायदा ती फिरवू शकतो.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने मार्च २०२० पासून वरून काचेतून आत बघणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आधारे दंड सुरू केला. संगणक फोटो चाळतो, संशय आला तर माणूस तपासतो. मला यात खासगीपणाची भीती वाटते आणि तरीही, निर्दोष चालकांची छायाचित्रं लगेच पुसली जाणार असतील तर, मी याच्या बाजूने आहे. दंड किती मोठा यापेक्षा पकडले जाऊ ही खात्री माणसाला जास्त आवरते. पण हे कॅमेरेही शेवटी हातच बघतात.

राहिला फोन करणारा. न्यू जर्सीच्या अपील कोर्टाने २०१३ मध्ये एक विलक्षण गोष्ट म्हटली: समोरचा गाडी चालवतोय आणि मेसेज लगेच वाचेल हे पाठवणाऱ्याला ठाऊक असेल, तर अपघाताच्या नुकसानीसाठी त्यालाही जबाबदार धरता येईल. त्या खटल्यात पाठवणारी मुलगी सुटली, कारण तिला ते ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. मैत्रिणीला, आईला या तत्त्वाखाली कोर्टात खेचावं असं मला वाटत नाही. पण ज्याला चालक रस्त्यावर आहे हे ठाऊक असतंच, नव्हे ज्याने त्याला रस्त्यावर पाठवलेलं असतं, असा एक पक्ष आहे: मालक. अमेरिकेच्या व्यावसायिक वाहनांसाठीच्या नियमाने २०१२ पासून हातातल्या फोनसाठी चालकाला २,७५० डॉलरपर्यंत दंड ठेवला, आणि तसं करू देणाऱ्या किंवा करायला लावणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलरपर्यंत. चौपट. इतकं नीट ओळखलेलं प्रमाण दुसऱ्या कुठल्या नियमात मला आढळलेलं नाही.

आणि हा नियम ट्रकपुरता ठेवायचं काही कारण नाही. घरपोच वस्तू पोचवणाऱ्याच्या दुचाकीवर समोर फोन बांधलेला असतो. नवी ऑर्डर त्यावर येते, ती घ्यायची की सोडायची हे ठरवायला काही सेकंदांचा आकडा उलटा मोजत असतो, आणि सोडली तर पुढचं काम कमी होईल ही धास्ती असते. त्याला ‘चालवताना फोन बघू नकोस’ म्हणून दंड करणं म्हणजे त्याचा धंदाच बेकायदा ठरवणं, फक्त शिक्षा नोकराला. चाक फिरत असताना काम दाखवायचं नाही, गाडी थांबल्यावरच दाखवायचं, हे त्या ॲपला सहज करता येतं. वेग त्याला कळतोच, ग्राहकाला नकाशावर गाडी सरकताना दाखवतो तो त्याच्याच जोरावर. विक्री प्रतिनिधी, टॅक्सीवाले, रुग्णवाहिकेचे चालक, फिरते तंत्रज्ञ, सगळ्यांच्या बाबतीत कचेरीला माहीत असतं की माणूस आत्ता गाडीवर आहे, आणि तरी कचेरी फोन करते, कारण तो उचलतो, आणि तो उचलतो, कारण न उचलल्याचा जाब त्याला संध्याकाळी द्यावा लागतो.

अपघातानंतर चालकाच्या फोनची नोंद मागवता येते. त्या नोंदीत प्रत्येक कॉलला दुसरा नंबरही असतो. तो कचेरीचा असेल, तर चालकाचा जबाब घेऊन झाल्यावर तपास अधिकाऱ्याने पुढची नोटीस त्या कचेरीच्या पत्त्यावर धाडावी, एवढं कलम तरी पुढच्या दुरुस्तीत असायला हवं.